कुठे घडतं, ते आधी सांगा

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या बालभारतीच्या पुस्तकात दहा धडे आहेत. पर्यावरण, हरित ऊर्जा, सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन बाजूला ठेवलं, तर निव्वळ जीवशास्त्राचे उरतात सहा. आनुवंशिकता व उत्क्रांती, जीवनप्रक्रियांचे दोन भाग, प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीव, आणि पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान. पेपर चाळीस गुणांचा, वेळ दोन तास. उजळणीला बसलेली मुलं हे धडे ओळीने वाचतात, व्याख्या घोकतात, फरकांचे तक्ते करतात, आणि तरीही ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आलं की पेन अडतं. गंमत अशी की नावं त्यांना येत असतात. ती चुकीच्या जागी जाऊन बसलेली असतात. क्रेब चक्र पेशीद्रव्यात, भाषांतरण केंद्रकात, आणि नैसर्गिक निवड एका जिराफाच्या मानेत!

म्हणून उजळणीत प्रत्येक क्रियेला एक प्रश्न सगळ्यात आधी विचारावा: हे घडतं कुठे? रेणूत, पेशीच्या एखाद्या अंगकात, अवयवात, की प्राण्यांच्या अख्ख्या समूहात? उत्तर नेमकं आलं की पुढचं निम्मं आपोआप उलगडतं. हा दावा जरा मोठा वाटेल, पण पुस्तकातल्या अवघड भागांवर तो तपासून बघता येतो.

सुरुवात श्वसनापासून करू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. श्वसन दोन पातळ्यांवर चालतं. शरीराच्या पातळीवर ती हवेची फुप्फुसापर्यंतची ये-जा असते. पेशीच्या पातळीवर ग्लुकोजचा रेणू फोडून ऊर्जा काढणं. पेशीच्या पातळीवर काय होतं ते समजायला ग्लुकोजमधल्या कार्बनच्या सहा अणूंवर नजर ठेवावी. खाल्लेल्या भाकरीतल्या पिष्टाचं आतड्यात ग्लुकोज होतं आणि रक्तातून ते पेशीत पोचतं. तिथे पेशीद्रव्यातच त्याचे दोन तुकडे पडतात, तीन-तीन कार्बनचे. हे पायरुविक आम्लाचे दोन रेणू. या पायरीचं नाव ग्लायकोलायसिस. तिच्यात एटीपीचे चार रेणू तयार होतात, दोन खर्च होतात. हाती उरतात दोन.

आता जागा पाहा: पेशीद्रव्य. या पायरीला ऑक्सिजन लागत नाही आणि तंतुकणिकाही लागत नाही. एवढं पक्कं झालं की निरनिराळ्या धड्यांत विखुरलेली उत्तरं एकत्र येतात. जीवाणूंना तंतुकणिका नसतात, तरी दुधातले लॅक्टोबॅसिलाय साखर फोडून जगतात आणि लॅक्टिक आम्ल सोडून दुधाचं दही करतात. किण्व म्हणजे यीस्ट ऑक्सिजन नसताना पायरुविक आम्लाचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. जोरात पळताना आपल्या पायाच्या स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, तेव्हा त्याही पेशी लॅक्टिक आम्लावरच भागवतात. (दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं त्याचा दोष मात्र लॅक्टिक आम्लावर ढकलू नये, ते साधारण तासाभरात स्नायूंतून निघून गेलेलं असतं.) सर्वांत मजेशीर उदाहरण आपल्याच रक्तातलं. प्रौढ लाल रक्तपेशीत तंतुकणिका नसतात. शरीरभर ऑक्सिजन पोचवणारी ही पेशी स्वतः त्यातला कणभरही वापरू शकत नाही. ती निव्वळ ग्लायकोलायसिसवर जगते.

पुढचा टप्पा तंतुकणिकेत. आत शिरताना प्रत्येक पायरुविक आम्ल एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सोडतं. उरलेले दोन कार्बन ॲसेटिल-को-एन्झाइम-ए या रूपात क्रेब चक्रात जातात. हान्स क्रेब यांनी १९३७ मध्ये मांडलेलं हे चक्र. १९५३ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. चक्रात ते दोन्ही कार्बनही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. हिशेब करा: आत शिरताना दोन, चक्रात चार, एकूण सहा. ग्लुकोजचे सहाही कार्बन संपले. आपल्या उच्छ्वासातला कार्बन म्हणजे कधीतरी पोटात गेलेलं अन्नच.

मग ऑक्सिजन आला कुठे? आतापर्यंत त्याचं कामच पडलेलं नाही. ते पडतं अगदी शेवटी, तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर. आधीच्या पायऱ्यांमध्ये निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच आणि एफएडीएचटू हे रेणू तिथे आणून सोडतात. इलेक्ट्रॉन वहन साखळीतून ते पुढे सरकतात, त्या ओघात बहुतांश एटीपी तयार होतं, आणि साखळीच्या टोकाला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो. हायड्रोजनच्या साथीने त्याचं पाणी होतं. ‘श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होतो’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत सर्रास सापडतं, आणि ते चूक आहे. घेतलेल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ग्लुकोजमधून आणि पाण्यातून आलेला असतो.

पुस्तक म्हणतं, ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे ३८ रेणू मिळतात, आणि रिकाम्या जागेच्या प्रश्नात तोच आकडा भरायचा. तो येतो कसा हे एकदा करून पाहिलं तर विसरत नाही. दर एनएडीएचमागे तीन एटीपी धरायचे, एफएडीएचटूमागे दोन. ग्लायकोलायसिसचे आठ, पायरुविक आम्लापासून ॲसेटिल-को-एन्झाइम-ए होताना सहा, क्रेब चक्रातून चोवीस. अलीकडच्या मोजमापांत दर एनएडीएचमागे सुमारे अडीच एटीपीच निघतात आणि एकूण बेरीज ३० ते ३२ वर येते. अकरावी-बारावीच्या पुढे हाच आकडा भेटेल. दहावीच्या पेपरात मात्र ३८.

वनस्पतींबद्दलची एक जुनी चूकही जागा पाहिली की सुटते. प्रकाशसंश्लेषण हरितलवकात, श्वसन पेशीद्रव्यात आणि तंतुकणिकेत. वनस्पतीच्या हिरव्या पेशीत दोन्ही अंगकं असतात. हरितलवकाला उजेड लागतो, तंतुकणिकेला लागत नाही. त्यामुळे वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि फक्त रात्री श्वसन करतात हे साफ चूक. श्वसन चोवीस तास चालू असतं. जमिनीखालच्या मुळांत तर हरितलवकं नसतातच. शेतात पाणी तुंबलं की पीक पिवळं पडतं, कारण मातीतली हवा जाऊन मुळांचा ऑक्सिजन तुटतो.

पेशीविभाजन मुलं पाठ करतात ते चार अवस्थांच्या नावांनी. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. नावांचा क्रम येतो, पण गुणसूत्रं किती उरली असं विचारलं की गडबड. त्याला माझ्या मते एकच उपाय: वाचू नका, काढा. दोन रंगीत पेन्सिली घ्या. आईकडून आलेली गुणसूत्रं लाल, वडिलांकडून आलेली निळी. पेशीत एकूण चार गुणसूत्रं घ्या, एक लांब जोडी आणि एक आखूड. सूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत चारही गुणसूत्रं पेशीच्या मध्यभागी एका रांगेत येतात, प्रत्येकात दोन-दोन अर्धगुणसूत्रं. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदूपाशी ती वेगळी होतात आणि तुर्कतंतू त्यांना दोन टोकांकडे ओढतात; पेशीत त्या क्षणी आठ जन्यगुणसूत्रं असतात. पुस्तकाने त्या अवस्थेला केळीच्या घडाची उपमा दिली आहे आणि ती चपखल आहे. शेवटी दोन पेशी, प्रत्येकीत चार.

आता त्याच कागदावर अर्धगुणसूत्री विभाजन. इथे लाल लांब आणि निळं लांब गुणसूत्र जवळ येऊन जोडी बांधतात, तुकड्यांची अदलाबदल करतात (ही पूर्वावस्था एकमधली पॅकिटीन ही उपअवस्था, हमखास विचारली जाणारी), आणि मग जोडीतलं एक इकडे, एक तिकडे. पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत दोनच गुणसूत्रं. दुसऱ्या विभाजनात सूत्री विभाजनासारखीच अर्धगुणसूत्रं वेगळी होतात आणि चार पेशी मिळतात. संख्या निम्मी होते ती पहिल्या फेरीत, दुसऱ्या नव्हे. कागदावर लाल-निळे तुकडे मिसळलेले दिसले की ‘भावंडं एकसारखी का नसतात’ या प्रश्नाचं उत्तरही समोर येतं.

आणि जागा? सूत्री विभाजन कायिक पेशींत आणि मूलपेशींत; अर्धगुणसूत्री विभाजन जननपेशींत. सूत्री विभाजन डोळ्यांनी बघायचं तर कांदा पुरतो. पाणी भरलेल्या ग्लासच्या तोंडावर कांदा बुडाशी जेमतेम पाणी लागेल असा ठेवला, की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. शाळेच्या प्रयोगशाळेत मुळाचं टोक, शेवटचे एक-दोन मिलिमीटर, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून ॲसिटोकार्मिनने रंगवायचं आणि काचेच्या पट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशा होते. बहुतेक पेशींत नुसतं गोल केंद्रक दिसतं, कारण पेशीचा बहुतेक वेळ विभाजनाच्या तयारीत जातो. पट्टी सरकवत राहिलं की एखाद्या पेशीत मधोमध रांगेत उभी गुणसूत्रं सापडतात, शेजारच्या एखादीत दोन टोकांना ओढली गेलेली. कांद्याच्या कायिक पेशीत १६ गुणसूत्रं असतात, म्हणून त्याच्या परागकणात आठ. मुळाचं टोकच का घ्यायचं, खोडाचा मधला भाग का नाही? टोकाशी विभाज्या ऊती असते. पुन्हा जागाच.

प्रथिन संश्लेषणात पुस्तक तीन शब्द देतं: प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण. पहिलं केंद्रकात, दुसरं-तिसरं पेशीद्रव्यातल्या रायबोसोमवर. डीएनए केंद्रकाबाहेर जात नाही. त्याची एमआरएनए ही प्रत बाहेर जाते. प्रतीवरची तीन-तीन अक्षरं म्हणजे एक कोडॉन, एक कोडॉन म्हणजे एक अमिनो आम्ल. एकूण ६४ कोडॉन, त्यांतले ६१ अमिनो आम्लांसाठी आणि तीन थांबण्याची खूण. हे कोडे सोडवणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खोराना होते. १९६८ चं नोबेल त्यांना मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासोबत विभागून मिळालं.

हे सगळं जिवंत होतं ते सिकलसेलच्या उदाहरणात. हा आजार गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत घराघरांत माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्यासाठी एमआरएनएवर ‘जीएजी’ हा कोडॉन असतो आणि त्यावरून ग्लुटामिक आम्ल बसतं. डीएनएतलं एक अक्षर बदललं, कोडॉन ‘जीयूजी’ झाला, आणि तिथे व्हॅलिन बसलं. बाकी १४५ जशीच्या तशी. पण ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे बनतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि माणूस वेदनेने तळमळतो.

हुशार विद्यार्थ्याने इथे थांबून विचारावं: लाल रक्तपेशीत तर केंद्रकच नसतं, मग डीएनएतला बदल तिथे आला कुठून? उत्तर अस्थिमज्जेत आहे. लाल पेशी तिथे तयार होते तेव्हा तिला केंद्रक असतं, हिमोग्लोबिन बहुतांशी तेव्हाच बनतं, आणि रक्तात उतरण्याआधी केंद्रक बाहेर टाकलं जातं. दोष अस्थिमज्जेतल्या मूलपेशींत, म्हणून मूळ इलाजही तिथेच. अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण हा एक मार्ग. दुसरा नवा: रुग्णाच्या मूलपेशी काढून, त्यांच्या डीएनएत बदल करून परत द्यायच्या, अशा क्रिस्पर उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशीविज्ञानाच्या धड्यातल्या मूलपेशी आणि पहिल्या धड्यातलं उत्परिवर्तन इथे हातात हात घालून उभे राहतात.

आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. ‘चार मुलांपैकी एकाला’ असं लिहू नये. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं होत नाही. प्रत्येक वेळी युग्मक नव्याने बनतात आणि शक्यता तीच राहते.

आता उत्क्रांती. लामार्क म्हणतो, जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली आणि पिल्लांना तशीच मिळाली. डार्विन म्हणतो, समूहात आधीपासूनच लहान-मोठ्या मानेचे प्राणी होते. ज्यांना तगता आलं त्यांची पिल्लं वाढली. दोघांत फरक आहे तो बदल कुठे घडतो याचा. लामार्ककडे एका प्राण्याच्या शरीरात, डार्विनकडे समूहाच्या घडणीत. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा, पण त्याचं उदाहरण बघायला विदर्भातलं कपाशीचं शेत पुरेसं आहे.

बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचं जनुक कपाशीत घातलं, आणि कपाशी ते विषारी प्रथिन स्वतः बनवू लागली. जीवाणूचं जनुक वनस्पतीत चाललं, कारण कोडॉनची लिपी दोघांची एकच. अळीने पान किंवा बोंड खाल्लं की तिच्या अल्कधर्मी आतड्यात ते प्रथिन सक्रिय होऊन आतड्याच्या पेशींना भोकं पाडतं. काही वर्षं बोंडअळी आटोक्यात राहिली. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं दुसरं वाण आलं. आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या शेतांत हाहाकार केला. पाकळ्या चिकटून मिटलेली डोमकळी फोडली की आत अळी, आणि वरून चांगलं दिसणारं बोंड आतून किडलेलं.

‘अळीला बीटीची सवय झाली’ असं बोललं जातं. हे लामार्कचं वाक्य आहे. एकाही अळीला सवय झाली नाही. ज्यांच्याकडे बदललेलं जनुक होतं त्या जगल्या, बाकीच्या मेल्या. समूहात टिकणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं. डिसेंबरनंतरही शेतात उभ्या ठेवलेल्या कपाशीने, म्हणजे फरदडीने, अळीला आणखी काही पिढ्या दिल्या.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं दिलं जायचं, शेताच्या कडेने लावायला. अनेकांनी ते लावलंच नाही. ज्या ओळी अळीला खायला द्यायच्या त्या का लावायच्या, हा प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूने अगदी रास्त होता आणि त्याला कुणी धड उत्तर दिलं नाही. उत्तर मेंडेलच्या एकसंकरात आहे. या अळीतला बीटीचा प्रतिकार बहुतांशी अप्रभावी जनुकामुळे येतो. नॉन-बीटी ओळींवर साध्या अळ्या वाढतात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होतो, आणि सगळी पिल्लं वाहक निघतात. वाहक अळी बीटी खाऊन मरते. ओळी नसल्या की प्रतिकारकाला जोडीदार प्रतिकारकच मिळतो आणि पिल्लं सगळी टिकतात. नववीचा तक्ता, दहावीची उत्क्रांती आणि जैवतंत्रज्ञान, तिन्ही एका बोंडात. उजळणीसाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

वर्गीकरणाच्या धड्यात एवढं खोल शिरण्यासारखं नाही. तिथे नावं पाठ करावीच लागतात. फक्त लक्षणं शरीराच्या कुठल्या भागात शोधायची ते ठाऊक असावं: सममिती, देहगुहा, पृष्ठरज्जू. वटवाघूळ उडतं आणि देवमासा पोहतो, तरी दोघे सस्तन. पेरिपॅटस आणि बदकचोच्या प्लॅटिपस ही दोन जोडणारी नावं उत्क्रांतीच्या धड्यातून इकडे आणून ठेवावीत. पहिला वलयी आणि संधिपाद प्राण्यांना जोडतो, दुसरा सरपटणाऱ्या आणि सस्तन प्राण्यांना.

शेवटच्या आठवड्यात पुस्तक मिटून एक मोठा कागद घ्यावा, त्यावर एक पेशी काढावी, आणि आठवतील त्या क्रिया ज्याच्या त्याच्या जागी लिहाव्यात. जी क्रिया कुठे लिहायची ते सुचत नाही, तो धडा पुन्हा वाचायचा. पेपरातही शास्त्रीय कारणाचं पहिलं वाक्य जागेचं असावं. ‘व्यायामानंतर थकवा का जाणवतो’ याचं उत्तर ‘ऑक्सिजन कमी पडतो’ असं सुरू केलं की घसरतं. ‘स्नायूपेशींच्या पेशीद्रव्यात...’ असं सुरू केलं की पुढची तीन वाक्यं आपोआप लागतात.